रिकाम्या घरातली खुडूक कोंबडी

कोंबडीने फोडलेला गुन्हा, असं मी म्हटलं की ऐकणारे हसतात. हसू द्या. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. महाडचं हे प्रकरण मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. नावं सांगणार नाही, माणसं त्याच गावात राहतात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, जिल्ह्याला अजून कुलाबाच म्हणत. मी महाड ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी उरकून टेबलाशी बसतोय तोच एक बाई, तिची सासू आणि शाळकरी मुलगी आत आल्या. गावाहून आणलेल्या पिशव्या अजून हातातच होत्या. बाईचा नवरा पोलादपूरच्या डोंगरातल्या एका शाळेत शिक्षक, शनिवारी घरी येणारा. मुलीच्या हायस्कुलासाठी हे कुटुंब महाडात दोन खोल्या भाड्याने घेऊन बरीच वर्षं राहत होतं. बुद्धपौर्णिमेला सगळी आपल्या वाडीत गेली आणि परत येऊन पाहतात तर दाराला भलतंच कुलूप. खिडकीतून डोकावलं तर आत काडीही शिल्लक नाही.

"कुलूप कुणाचं ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाली. "पण साहेब, ह्या गावात आम्हांला दुसरी खोली कोण देणार? ही मिळवायला किती उंबरे झिजवले! जात कळली की दार लावून घेतात. खोली गेली तर पोरीची शाळा गेली. जूनमध्ये ती दहावीला जायची आहे."

चवदार तळ्याच्या गावात बसून मी हे ऐकत होतो. खरं सांगतो, मान खाली गेली.

कुलूप एका लाकूड व्यापाऱ्याचं होतं. जुन्या घरमालकाने घर गहाण टाकून कर्ज काढलं, ते फेडलं नाही आणि मुंबई गाठली. कोर्टाने घराचा लिलाव केला, तो या व्यापाऱ्याने घेतला. गृहस्थ आधी ठाण्यावर येऊन गेला होता. भाडेकरू हलवायचे आहेत, दोन शिपाई द्या, म्हणाला. मी त्याला कोर्टाचा हुकूम आणायला सांगितलं. हुकूम काही आला नाही, आलं ते हे कुलूप.

बोलावलं तेव्हा पान चघळत आला. "घर रिकामंच होतं, साहेब. ह्या बायका राहत होत्या म्हणता, तर एक भाडेपावती दाखवा."

पावती नव्हतीच. तेव्हाचे मालक भाडं हातात घेत आणि पावतीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालत. शेजाऱ्यांना विचारलं तर कुणी त्या दिवशी लग्नाला गेलेलं, कुणाला नीट दिसत नाही. व्यापाऱ्याशी वाकडं घ्यायची कुणाची छाती नव्हती, आणि हे कुटुंब गल्लीत नको होतं असेही काही होतेच. भित्र्या माणसाचं मी समजू शकतो. दुसऱ्याचं घर मोडलेलं पाहून मनातून सुखावणाऱ्याचं नाही.

फिर्याद लिहून घेताना हवालदार गेलेल्या वस्तू विचारत होता. भांडी, ट्रंक, अंथरुणं, मुलीची पुस्तकं. बाई जरा थांबली आणि म्हणाली, "आणि माझी कोंबडी. खुडूक होती, अंड्यांवर बसवली होती. दाणापाणी ठेवून गेले होते."

"बाई, संसार गेला आणि तुम्ही कोंबडी कसली सांगताय?" हवालदार म्हणाला.

"लिहा हो," मी म्हटलं. गेलेली वस्तू फिर्यादीत यायलाच पाहिजे, एवढाच माझा विचार. त्यात माझी काही हुशारी नव्हती.

खबर आली ती पोलादपूरच्या स्टँडवरून. तिथला चहावाला अधूनमधून आमच्या कानावर काही घालत असे. तो म्हणाला, "साहेब, बाजाराला कोंबडी नेतात ती पाय बांधून, उलटी लटकवून. पन परवा एक हमाल टोपलीत पेंढा घालून, कोंबडी अंड्यांसकट डोक्यावर घेऊन चालला होता. नवरीच्या रुखवताची पाटी असावी तसा जपून! कुठून आनलीस रं म्हटलं, तर बोलंना."

हमालाच्या घरी गेलो. गडी शेतकरी घरातला, उन्हाळ्यात मिळेल ते ओझं उचलणारा. ओटीच्या कोपऱ्यात टोपली होती आणि टोपलीत ती कोंबडी पिसं फुगवून बसलेली. मला पाहून तिनेच आधी गुरगुर केली. हमाल मात्र मुकाट.

माझा एक अनुभव आहे. सराईत माणूस पोलिसापुढे भडाभडा बोलतो, साधा माणूस गप्प होतो. त्या गप्प माणसावर हात उगारला तर तो कायमचा मिटतो. मी त्याच्या बायकोकडे पाणी मागितलं, ओटीवर टेकलो आणि विचारलं, "पिल्लं कधी निघायची रे?"

एवढ्यावर बांध फुटला. "मालक म्हनला, घर रिकामं हाय, टाकलेलं सामान हाय, डेपोत नेऊन टाक. मी भांडी उचलली, ट्रंक उचलली. टोपली उचलाया गेलो तर ही चोच मारत आली. खाली हात घातला तर अंडी गरम! तवा डोक्यात उजेड पडला, साहेब. रिकाम्या घरात हिला बसवली कोनी?"

"मालकाला विचारलंस?"

"इचारलं ना. तर म्हनतो, मुरगळ मान आन् खा जा. बसलेली कोंबडी कोन मारतं, साहेब? आमच्यात नाय असं करत. उचलून घरी आनली. पन मालकाच्या भ्यानं त्वांड उघडलं नाय."

त्याने पोलादपूरजवळचा लाकडाचा डेपो दाखवला. ओंडक्यांच्या मागे बाईचा सगळा संसार ताडपत्रीखाली सापडला. पंचनामा केला. आता कोंबडीचं काय? ती मुद्देमालातच होती. हवालदार डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, अंडी लिहिली आणि कोर्टात जाईस्तोवर पिल्लं निघाली, तर मी काय दाखवू?" त्या दिवशी मी पोटभर हसलो.

बाईला ओळख पटवायला हमालाच्या घरी आणलं. तिने कोंबडी पाहिली, त्या हमालाकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. हक्कच होता तिचा. ती म्हणाली, "उठवू नका तिला. निघू देत पिल्लं इथेच. अर्धी तुमची." हमालाच्या बायकोने आतून पाण्याचा तांब्या आणला, बाईच्या हातात दिला आणि ओटीवर तिच्या शेजारी बसली. कोंबडी सांभाळायला दिल्याचा सुपुर्दनामा मी हमालाच्या नावे केला. त्या दोन बायकांचे मी मनोमन आभार मानले.

व्यापाऱ्याला पुन्हा समोर बसवलं. म्हणाला, "कोंबडी बाहेरून शिरली असेल."

"आणि आत शिरून तिने स्वतःच पेंढा पसरला, वाटीत पाणी भरलं आणि बाहेरून कुलूप लावलं?"

पान चघळणं थांबलं. त्याचं कुलूप निघालं आणि बाईचा संसार पुन्हा त्याच दोन खोल्यांत लागला. पुढे खटल्यात हमालाने व्यापाऱ्याच्या तोंडावर सगळं सांगितलं. डेपोतलं काम सुटणार हे माहीत असून सांगितलं, आणि ते सुटलंही. व्यापाऱ्याला शिक्षा झाली. तोवर आपल्यावर बालंट नको म्हणून जुना मालकही मुंबईहून आला आणि घर गहाण टाकण्याआधीपासून हे कुटुंब भाड्याने होतं, असं कोर्टात सांगून गेला.

पण घर लिलावात व्यापाऱ्याचं झालं होतं, हेही खरंच. कोर्टाने त्याला ताबा दिला आणि मला बंदोबस्ताचं पत्र आलं. कोर्टाचा बेलीफ आणि हलगीवाला यांच्यासोबत मी त्या गल्लीत गेलो. हलगी वाजली तशी बाई दारात आली. आत मुलगी पुस्तकं गोळा करायला लागली होती.

"निघायचं का, साहेब?"

"नाही हो बाई!" मी जवळजवळ ओरडलोच. "घरात भाडेकरू असला की ताबा असा कागदावर देतात. हलगी वाजवायची, दारावर हुकूम डकवायचा आणि सांगायचं की आजपासून मालक बदलला. मालक बदलला, तुम्ही नाही. भाडं आता ह्या नव्या मालकांना द्यायचं, आणि पावती मागून घ्यायची. तुम्हांला काढायचं असेल तर ह्यांनी कोर्टात दावा लावावा, कायद्यातलं कारण दाखवावं."

बेलीफाने दारावर कागद डकवला. नवा मालक रस्त्यावर उभा होता. बाई आत गेली, मला वाटलं रडायला गेली. ती चहा घेऊन आली. हलगीवाल्याला दिला, बेलीफाला दिला, मला दिला आणि शेवटचा कप त्या व्यापाऱ्यापुढे धरला. "घ्या मालक," म्हणाली. त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळी गल्ली बघत होती. त्याने कप घेतला आणि तिथेच उभ्याने प्यायला.

ह्या प्रकरणाने मला शिकवलं की ताबा आणि मालकी ह्यांच्यामध्ये एक माणूस राहत असतो, आणि पोलिसाने कागद वाचण्याआधी त्याच्याकडे बघावं. पुढच्या नोकरीत मी कितीतरी बंदोबस्तांना उभा राहिलो. झोपड्या पाडल्या, दुकानं सील केली, रडणाऱ्या माणसांना बाजूला केलं. हुकूम होते, करावं लागलं. पण कुणीतरी आपल्या घरात राहावं म्हणून अंगावर वर्दी घालून उभं राहायला मिळालं, ते त्या एका दिवशी. तो दिवस मला दिल्याबद्दल त्या बाईचे, आणि काम घालवून खरं बोललेल्या त्या हमालाचे, मी फार उपकार मानतो.