शंभरीच्या आगेराचं भात

ब्याऐंशीच्या संपात सहदेव परबांची गिरणी बंद पडली, ती त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. दोन वर्षांनी अंधेरी पूर्वेला, गावठाणाला लागून असलेल्या एका बिल्डरच्या रिकाम्या प्लॉटवर त्यांना वॉचमनचं काम मिळालं. पगार बेताचा, पण राहायला पत्र्याची खोली होती. शेठची ताकीद एकच: प्लॉटवर काही उभं राहता कामा नये.

पावसात तिथे गुडघाभर चिखल झाला आणि सहदेवांचे हात शिवशिवले. गावाहून बियाणं आणून त्यांनी मागच्या कोपऱ्यात, पत्र्यांच्या आडोशाला भात लावलं.

"कोणाक दिसाचा नाय," ते बायकोला, रत्नप्रभाला, म्हणाले.

दिसलंही नाही. पण दसऱ्याला नव्या लोंब्या दाराला बांधायची कोकणातली रीत. सहदेवांनी सवयीने बांधल्या, त्याही रस्त्याकडच्या दाराला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चचे फादर आणि गावठाणातल्या म्हाताऱ्या रोझीमावशी दारात हजर.

"हे भात कुठलं रे?" मावशींनी विचारलं.

"गावचं."

"एसटीतून आलं? इतकं ताजं?" मावशी सरळ पत्र्यांमागे गेल्या. तिथे पिवळं धमक भात उभं होतं.

"घेवा! मी सांगत होतंय मा?" रत्नप्रभा आतून म्हणाली. "बांधा आता बोचकी."

सहदेवांनी हात जोडले. "फादर, आजच कापून टाकतो. शेठना कळलं तर खोली जाईल. पोरांना घेऊन कुठे जाऊ?"

"कापून तर बघ!" मावशी कडाडल्या.

फादरनी समजावलं. रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताला चर्चमध्ये आशीर्वाद देण्याचा सण. त्याच दिवशी चर्चला शंभर वर्षं पुरी होत होती. पहिल्या मिस्साच्या प्रार्थनेला मावशींच्या आजोबांनी वेदीवर लोंब्या ठेवल्या होत्या, त्या याच जमिनीतल्या. आता जवळपास शेतच उरलं नव्हतं. भात वसईहून आणायचं ठरलं, तेव्हापासून मावशी रुसून बसल्या होत्या.

"पण शेठ?" सहदेवांनी विचारलं.

फादर त्यांना चर्चच्या ऑफिसात घेऊन गेले आणि शेठना फोन लावला. सगळं सांगून त्यांनी रिसीव्हर सहदेवांच्या हातात दिला.

"अरे, मला आधी सांगायचं ना!" शेठ हसत होते. "दे त्यांना पाहिजे तेवढं. बांधकाम दिवाळीनंतर सुरू होईल. तू कुठे जाऊ नको, काय?"

सहदेव बाहेर येऊन पायरीवर, वाट बघत थांबलेल्या मावशींशेजारी बसले.

"मावशी, शेठ हो म्हणाले. खोलीही राहिली."

"बस जरा. मग ऊठ आणि प्लॉटवर जा," मावशी म्हणाल्या. "वॉचमन ना तू? चिमण्या फार झाल्यात तिकडे."

सहदेव मोठ्याने हसले, आणि बराच वेळ त्यांना थांबताच येईना.