माया न ठेवता शिवलेली गवसणी

नागोजींच्या दुकानात लॅपटॉप नेला की ते त्याची किंमत विचारत नाहीत, कंपनीही विचारत नाहीत. दोन्ही हातांवर घेतात, बाळाला तोलावं तसं जरा तोलतात आणि म्हणतात, "हाडापेरानं चांगलाय." किंवा, "अशक्त दिसतोय. नवीन आहे काय?"

दुकान बेंगळुरूच्या चिकपेटात आहे. साड्यांच्या दोन मोठ्या दुकानांच्या मधे जिन्याखाली जेवढी जागा उरली, तेवढंच. आत एक मशीन, एक स्टूल आणि नागोजी. गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहतं. घरात मराठी आणि बाजारात कानडी अशा तीन पिढ्या त्यांच्या इथे गेल्या. वडील वीणा, मृदंग, पेटी यांच्या गवसण्या शिवायचे. पंधराएक वर्षांपूर्वी एक इंजिनियर बाई लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा नागोजींनी तो उलटसुलट करून विचारलं होतं, "हे वाजवतात कुठून?" पण गवसणी शिवून दिली. ती इतकी चांगली बसली की त्या बाईचं अख्खं ऑफिस मागून आलं. आता वीणा वर्षातून एखादी येते. बाकी सगळे लॅपटॉप.

तरीही ते लॅपटॉपकडे शिंप्याच्याच नजरेनं बघतात. वायरी खुपसायच्या भोकांना ते खिसे म्हणतात. जुन्या जाडजूड लॅपटॉपला सात-आठ खिसे असायचे, म्हणून तो त्यांना घरंदाज वाटतो. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपला एखादाच खिसा असतो, आणि मग माणसं बाकीच्या वायरींसाठी चार भोकांची वेगळी डबी बाळगतात. "हे बघा टीचरम्मा," ते मला म्हणाले होते, "सदऱ्याला खिसे ठेवायचे नाहीत, आणि मग गळ्यात पिशवी अडकवून फिरायचं. ह्याला फॅशन म्हणायचं काय?"

मी श्रीरामपुरमला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. त्यांची मुलगी प्रियदर्शनी माझ्याच वर्गात शिकली. पाढे येत नसत, पण वहीचा समास असा आखायची की तो खोडावासा वाटत नसे. तीच आज हेब्बाळच्या एका कंपनीत लॅपटॉपची बाहेरची अंगं घडवते. आत काय असतं ते दुसरे बघतात. हिचं काम रूपाचं.

आणि हिला खिसे आवडत नाहीत.

"वस्तू अशी पाहिजे अण्णा, की हातात घेतली तरी जाणवू नये," ती जेवताना सांगायची. "हातात विरघळली पाहिजे."

"विरघळायला तो काय म्हैसूरपाक आहे?" विठाबाई, म्हणजे तिची आई, ताटात भात वाढता वाढता म्हणायच्या.

या घरात वाद रोजचे होते, त्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं. नागोजींना सलत होतं ते वेगळंच. नोकरीला लागल्यापासून आठ वर्षांत मुलीनं त्यांची गवसणी एकदाही वापरली नव्हती. त्यांनी अकरा शिवल्या. मखमली, कॅनव्हासची, एक तर पैठणीच्या उरलेल्या काठाची. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "छान आहे अण्णा," आणि लॅपटॉप तसाच पाठपिशवीत टाकून निघून जायची. कव्हर घातलं की रूप झाकतं, असं तिचं म्हणणं. त्या अकराही गवसण्या विठाबाईंनी कामाला लावल्या. एकीत पोळपाट आहे, एकीत गरम पाण्याची पिशवी, एकीत लाइट बिलं. पैठणीच्या काठाच्या गवसणीत गॅसचं पुस्तक असतं.

"अर्ध्या बेंगळुरूचे लॅपटॉप मी झाकले," नागोजी म्हणायचे, "आणि शिंप्याच्याच घरातला उघडा फिरतोय."

मागच्या वर्षीची गोष्ट. बुधवारची संध्याकाळ होती. खिडकीतून मला खालचं बोलणं ऐकू आलं.

"माया नको म्हणतेस?" नागोजी विचारत होते.

"नको अण्णा. अजिबात नको."

"स्वल्प सुद्धा नको?"

"स्वल्प सुद्धा नको. मला तुमची माया दिसते, सगळीकडून लोंबते."

"बरं, सरी. नाही ठेवत माया. बापाचा जीव तुटला तर तुटू दे."

बाप-लेकीत असं काय झालं? मी कढईतला शिरा वाटीत घेतला, कारण रिकाम्या हातानं समजूत घालायला जाऊ नये, आणि चपला न घालताच खाली उतरले. आत शिरता शिरताच सुरू केलं, "नागोजी, पोर आहे, बोलून जाते. आणि तू गं, बापाची माया नको म्हणतेस? ती काय अशी सांगून थांबते?"

तिघंही माझ्याकडे बघत राहिली. टेबलावर रुपेरी रंगाचं पातळ पान असावं तसं काहीतरी होतं. नागोजींच्या गळ्यात टेप होती, हातात खडू.

"मिस," प्रियदर्शनी म्हणाली, "शिलाईची माया."

शिवताना टिपेच्या आत थोडं जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. अंग सुटलं की ती सोडवून कपडा वाढवता येतो. आयुष्यभर मी हा शब्द जाणते. पण वरच्या मजल्यावरून ते कळत नाही.

विठाबाईंनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "शिरा चांगला झालाय," त्या म्हणाल्या, आणि विषय मिटला.

झालं होतं असं. ते रुपेरी पान म्हणजे प्रियदर्शनीच्या तीन वर्षांच्या कामाचा नमुना. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून तो घेऊन ती घरी आली होती आणि सकाळी दहाला हेब्बाळला वरिष्ठांना दाखवायचा होता. कारखान्यानं दिलेल्या खोक्याचं झाकण रिक्षातून उतरताना निखळलं. नमुन्याला इतकी झिलई होती की नखाचाही ओरखडा उठेल. म्हणून आठ वर्षांत पहिल्यांदा ती म्हणाली होती, "अण्णा, एक कव्हर शिवाल?"

हे ऐकून नागोजींनी आधी चष्मा पुसला म्हणे. मग तिनं अट घातली. कव्हरात घातल्यावरसुद्धा तो जाड दिसायला नको, त्वचेसारखं बसलं पाहिजे.

"माया न ठेवता कोण शिवतो टीचरम्मा?" त्यांनी मला पंच केलं. "उद्या ह्याचं अंग भरलं तर?"

"लॅपटॉपचं अंग भरत नाही, अण्णा!"

"तुझंही भरणार नाही म्हणत होतीस."

विठाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्यानं माप घ्यायला लागले. तीनदा मापलं. लोकरीचा राखाडी नमदा काढला. मशीन नको म्हणाले, हातानं शिवतो. जेवणाआधी गवसणी तयार झाली. मी तरी एवढी बारीक टीप आजवर पाहिलेली नाही. नमुना आत सरकवला तेव्हा फुस्स असा आवाज झाला, आत उरलेली हवा बाहेर गेल्याचा. कुठे सुरकुती नाही, कुठे पोक नाही. प्रियदर्शनीनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अण्णा, हे डिझाइन आहे."

नागोजी त्या जेवणात दोन पोळ्या जास्त खाऊन गेले.

सकाळी आठला मला हाक आली. नमुना बाहेर निघत नव्हता.

आत जाताना जी हवा निघून गेली ती परत आत जायला तयार नव्हती. धरून ओढावं, तर धरायला काही नाही. कडा नाही, खाच नाही, खिसा नाही. सगळं कसं गुळगुळीत. विठाबाई दोन उशा जमिनीवर ठेवून तयार होत्या. त्यांवर प्रियदर्शनी गवसणी उलटी धरून हलवत होती.

"फुंकर मारून बघा," मी म्हणाले. नागोजींनी मारली. काही नाही.

"साबण लावू?" विठाबाई म्हणाल्या. "माझ्या बांगड्या निघतात."

"आई!"

"मग उसवा की हो. बघत काय बसलाय?"

आठ वर्षांनी मुलीनं मागितलेली गवसणी एका रात्रीत उसवायची, हे नागोजींच्या हाताला पटत नव्हतं. शेवटी त्यांनी टीप उसवायचा छोटा काटा घेतला. तेवढ्यात मागवलेली गाडी आली. मग ठरलं की ते गाडीतच उसवतील. "टीचरम्मा, तुम्ही चला. तुमचा हात कापत नाही, तुम्ही धरा."

चालत्या गाडीत एवढी बारीक टीप उसवता येत नाही. काटा निसटला तर नमुना गेला. म्हणून ठरलं, सिग्नल लाल झाला की उसवायचं. या शहरात तोटा कशाचा असेल, पण लाल सिग्नलचा नाही.

त्या दिवशी एकही सिग्नल लाल मिळेना. मल्लेश्वरम हिरवं. पुढचा चौक हिरवा. मेखरी सर्कलला मी अर्धा अर्धा तास काढलेला आहे, तिथे पोलिसानं आम्हाला हात करून पुढे बोलावलं. नागोजी काटा उगारून बसले होते आणि ड्रायव्हरला म्हणत होते, "स्वल्प निधान, अप्पा, स्वल्प निधान." जरा हळू घे बाबा. बेंगळुरूत ड्रायव्हरला हळू चालव म्हणून विनवणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नसावं. त्याला वाटलं म्हातारबाबांना गाडी लागते. त्यानं प्लास्टिकची पिशवी मागे दिली. हेब्बाळला ऑफिसच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा कुठे जेमतेम एक कोपरा सुटला. घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी.

त्या ऑफिसात एक लांब टेबल होतं आणि दहाच्या ठोक्याला त्याच्याभोवती सहा माणसं बसली. प्रियदर्शनीचे साहेब मंजुनाथ यांनी आम्हा दोघांकडे बघितलं, मग राखाडी गवसणीकडे.

"हे माझे वडील," ती म्हणाली. चेहरा लाल झाला होता, पण आवाज सरळ होता. "नमुना त्यांच्या कव्हरात अडकलाय. पाच मिनिटं लागतील."

नागोजी खुर्चीत बसले, चष्मा वर केला आणि उसवायला लागले. सहा माणसं पुढे वाकून बघत होती. ऑपरेशन चाललंय असं वाटत होतं. दोन बाजू सुटल्या आणि नमुना अलगद बाहेर आला. कोणीतरी टाळी वाजवली.

"सुंदर," मंजुनाथ म्हणाले. त्यांनी तो हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. "आणि उघडायचा कुठून?"

"इकडून, सर."

त्यांनी अंगठा लावला. घसरला. नख लावलं, तेही घसरलं. शेजारच्या बाईंनी करून बघितलं. एका साहेबांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड फटीत घालून बघितलं, ते दुमडलं. प्रियदर्शनीनं स्वतः उघडायला घेतला. कारखान्यात तो सहज उघडणारा तिचा हात त्या दिवशी घामानं ओला होता.

"मी बघू?" नागोजी म्हणाले.

"अण्णा, काटा नको!"

त्यांनी काटा ठेवला. उसवलेल्या टिपेतला एक लांब दोरा उचलला, दोन्ही हातांत ताणला, कोपऱ्यातल्या फटीत सरकवला आणि हळूच वर उचलला. झाकण उघडलं.

"म्हणजे प्रत्येक लॅपटॉपबरोबर आपल्याला एक दोरा द्यावा लागणार," मंजुनाथ म्हणाले, आणि सगळे हसले. प्रियदर्शनी हसली नाही. ती त्या फटीकडे बघत होती, मग वडिलांच्या हातांकडे.

"नाही सर," ती म्हणाली. "इथे बोटापुरती जागा सोडायला हवी होती. मी सोडली नाही. आठवड्यात सुधारून आणते. आणि एका बाजूला आणखी दोन खि... दोन पोर्ट देते."

नमुना त्या सुधारणांसकट मंजूर झाला. पण नागोजींना त्याचं काय? त्यांची गवसणी उसवलेली टेबलावर पडली होती. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. घरी आल्यावर चार दिवस विषयही काढला नाही.

पाचव्या दिवशी प्रियदर्शनीनं आपला रोजचा लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. "ह्याला एक शिवा. ह्या वेळी मी काही सांगत नाही. तुमच्या मनानं शिवा."

मनानं शिवा हे शिंप्याला सांगू नये. नागोजींनी जे शिवलं त्याला गवसणी म्हणावं की वळकटी, मला ठरवता आलं नाही. चार्जरला खिसा, चष्म्याला खिसा, छत्रीला लांब खिसा, डब्याला बटणाचा खिसा, पाण्याच्या बाटलीला नाडीचा. खांद्याला रुंद पट्टा. माया तर अशी की आत दुसरा लॅपटॉप मावावा.

तिनं ते सगळीकडून पाहिलं. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती सामान भरायला लागली. डबा डब्याच्या खिशात गेला, बाटली बाटलीच्या, छत्री छत्रीच्या. मग पट्टा खांद्यावर टाकून, "येते अण्णा," म्हणत ती बाहेर पडली.

नागोजी दारात उभे राहिले. विठाबाई टेबल आवरायला वळल्या आणि थांबल्या.

"अहो, लॅपटॉप इथेच राहिलाय तिचा!"

ती अजून चारच घरं पुढे गेली होती. नागोजींनी मागे वळून बघितलं नाही.

"हाक मारा की!"

"मारतो," ते म्हणाले. "थांब स्वल्प. फिटिंग बघतोय."