उतारावरचा बार

गाडीच्या पोटात काय दुखतंय ते नळीमास्तर एका हातभर रबरी नळीने सांगत. नळीचं एक टोक कानात धरायचं, दुसरं इंजिनवरून, चाकावरून, पाइपवरून फिरवायचं, आणि डोळे मिटून उभं राहायचं. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की ते हात वर करून त्याला गप्प करत. मग डोळे उघडून म्हणत, "मागचं डावं बेअरिंग." खोलल्यावर तेच निघायचं. तीस वर्षं हे चाललं होतं आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. नावाबद्दल ते वरवर कुरकुर करत, पण कुणी नुसतं 'मास्तर' म्हटलं तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाला एका जुन्या पिकअपने महिनाभर घाम फोडला होता. गाडी परक्याची असती तर त्यांनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. ती व्याह्यांची होती. व्याह्यांचा काचेचा धंदा. मास्तरांची लेक लग्न होऊन त्या घरात गेली आणि वर्षभरात दुकानाची गाडी तीच चालवायला लागली, कारण लहानपणापासून गॅरेजात वाढलेली ती पोर त्या घरातल्या कुणाहीपेक्षा चांगली गाडी हाकायची. मागे लाकडी घोडीला काचा बांधलेल्या असत आणि जावई त्यांना धरून उभा राही.

तक्रार एकच होती. दवाखान्याच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून बार उडायचा, बंदुकीसारखा. तीन आठवड्यांपूर्वी असाच बार झाला, जावई दचकला, दोर सुटला आणि काच घसरली. तळहाताला सात टाके पडले. काच गळ्याकडे आली असती तर काय झालं असतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. मास्तरांच्या मनातून मात्र ते जात नव्हतं.

त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? प्लग बदलले. पॉइंट घासले. टायमिंग दोनदा लावलं. कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुतला, त्याची बारीक भोकं उजेडात धरून पाहिली. दर वेळी गाडी गॅरेजात शहाण्यासारखी वागायची आणि उतारावर जाऊन बार उडवायची. दुसऱ्या खेपेला व्याही अगदी गोड आवाजात म्हणाले होते, "तुमच्यावर विश्वास आहेच हो. पण हल्ली कंप्युटरवर तपासतात म्हणे." मास्तर त्या रात्री धड जेवले नव्हते.

आणि आज तिसरी खेप होती. दुपारी तीन वाजता त्याच दवाखान्यात माणूसभर उंचीच्या चार काचा पोचवायच्या होत्या, त्याच उतारावरून. हाताला पट्टी बांधलेला जावई पुन्हा मागे उभा राहणार होता. "गडी मिळत नाही," लेक सकाळी गाडी आत घेत म्हणाली, "आणि मी नको म्हटलं तर ह्यांना राग येतो."

"मी बघतो," मास्तर म्हणाले.

ते आधी तिच्या शेजारी बसून उतारावर जाऊन आले. लेकीने पाय काढला आणि बार उडाला. पानाच्या टपरीवरचा माणूस शिवी देत बाहेर आला. मास्तर दचकले, आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना बरंही वाटलं. एवढं स्वच्छ ऐकू आलं होतं. हल्ली बायको सारखी म्हणायची, "अहो, कान तपासून घ्या." त्यावर ते म्हणायचे, "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस." दारावरची बेल ऐकू येईना तेव्हा त्यांनी बेलचे सेल दोनदा बदलले होते. बेलच रद्दी, असं ठरवून टाकलं होतं.

गॅरेजात परत आल्यावर लेक बॉनेटला टेकून उभी राहिली. "बाबा, पाय काढल्यावरच बार होतो ना? म्हणजे न जळलेलं पेट्रोल पाइपात जातंय आणि तिथे कुठून तरी हवा आत ओढली जातेय. सायलेन्सरचा जोड बघितलात?"

"तो मीच महिन्यापूर्वी बांधलाय. नवीन पॅकिंग घातलंय. नळी लावून तपासलाय." मास्तरांचा आवाज चढला. "तिथे काही नाही."

"बार महिन्याभरापासूनच होतोय."

हा हिशेब मास्तरांना कळत नव्हता असं नाही. पण जी जागा त्यांच्या कानाने एकदा पास केली तिच्याकडे ते पुन्हा डोळ्यांनी बघत नसत. इतक्या वर्षांत बघायची वेळच आली नव्हती.

"बरं, तुझ्या समाधानासाठी," असं म्हणत त्यांनी गोणपाट भिजवून तिच्या हातात दिलं आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेले. इंजिन संथ चालू होतं. लेकीने मागे उकिडवं बसून गोणपाट सायलेन्सरच्या तोंडाशी घट्ट दाबलं. तोंड बंद केलं की जोडात जरा जरी फट असली तर धूर तिथून फुसफुसत बाहेर येतो, आणि नसली तर इंजिन गुदमरून बंद पडतं. मास्तरांनी नळी जोडाभोवती सावकाश फिरवली. इंजिनाची धडधड, टॅपेटची टकटक, सगळं नेहमीसारखं कानात येत होतं.

"नाही," ते ओरडले. "काही नाही."

 लेकीचा चेहरा गाडीखाली डोकावला. तिने गोणपाट सोडलं नव्हतं, हात लांब करून दाबून धरलं होतं.

"बाबा, चेष्टा करताय का? इथवर ऐकू येतंय. केवढं फुसफुसतंय. आणि इंजिन बघा, बंदच पडत नाहीये."

मास्तरांनी नळीचं टोक कानातून काढलं, फुंकर मारली, दुसऱ्या कानात घातलं. मग काही न बोलता शेजारच्या डब्यातलं साबणाचं पाणी बोटांनी जोडावर शिंपडलं. ते चर्र करून उडालं. पुन्हा शिंपडलं. डाव्या बाजूला पांढरे फुगे उठले, थरथरले, फुटले, परत उठले. जोडाखाली काजळीची एक लांब रेघ होती. ती महिनाभर तिथेच असणार. फुगे त्यांच्या नाकापासून वीतभरावर फुटत होते आणि त्यांचा कसलाही आवाज येत नव्हता.

ते गाडीखालून लवकर बाहेर आले नाहीत. लेकीने इंजिन बंद केलं आणि खाली फरशीवर बसून राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं, आणि मग तेच मोठ्याने विचारलं.

"मला काय माहीत?" आतून उत्तर आलं. "जे ऐकू येत नाही ते येत नाही हे कळणार कसं?"

जोड खोलला तेव्हा पाइपाची कड एका बाजूला वाकलेली आणि तिथलं पॅकिंग जळालेलं निघालं. मास्तरांनी ती कानशीने घासून सपाट केली, नवीन पॅकिंग बसवलं, बोल्ट आळीपाळीने आवळले. हात अजून चोख होते. पुन्हा गोणपाट लावलं तर इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडलं. लेक एकटी उतारावर जाऊन आली, चार वेळा. बार झाला नाही.

"घरी सांगू, पॅकिंग खराब निघालं," ती हात पुसत म्हणाली. "खोटंही नाही तसं. मामंजींना बाकीचं कशाला कळायला हवं?"

मास्तरांनी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटलं. ज्या घरात लेक दिली त्या घरापुढे मान खाली घालायला कोणत्या बापाला आवडतं? त्यांनी नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली, आणि अडकवताना त्यांचा हात थांबला.

शाळेची व्हॅन. दोन महिन्यांपूर्वी व्हॅनवाला आला होता, मागच्या चाकात काहीतरी घासल्यासारखं वाटतंय म्हणून. मास्तरांनी चाक हाताने फिरवलं, नळी लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "लोण्यासारखं फिरतंय. वर्षभर बघू नकोस." त्याच्या आधी पाण्याचा टँकर. त्याच्या आधी दुधाचा टेम्पो, आणि ती नर्सबाई, जिच्या गाडीचं पुढचं चाक त्यांनी असंच पास केलं होतं. त्या व्हॅनमध्ये चौदा मुलं बसत.

अडीच वाजता व्याही गाडी न्यायला आले. लेकीने पुढे होऊन तोंड उघडलं, "मामंजी, ते पॅकिंग..." पण व्याही तिच्याकडे बघत नव्हते. मास्तर भिंतीशी उभे होते, फोन कानावर दाबून, दुसऱ्या कानात बोट घालून.

"चाक खोलून बघायचंय," ते ओरडत होते. "आजच. शाळा सुटायच्या आधी आण... काय? काय म्हणालास?" त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. व्याही दारात उभे आहेत हे त्यांनी पाहिलं. एक क्षण त्यांनी डोळे मिटले. "मोठ्याने बोल रे. मला नीट ऐकू येत नाही. मी चाक तपासलं तेव्हाही येत नव्हतं."

मास्तरांनी फोन कानावरून काढला. व्याह्यांनी पिकअपकडे पाहिलं, मग खिळ्यावरच्या नळीकडे. लेक ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"म्हणजे आमच्या मुलाचा हात," व्याही म्हणाले. नेहमीचा गोडवा आवाजात नव्हता.

"माझ्यामुळे," मास्तर म्हणाले. ओठांच्या हालचालीवरूनच त्यांना प्रश्न कळला होता.

व्याह्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मग त्यांनी स्टूल ओढलं, मास्तरांच्या अगदी समोर बसले आणि त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"अशी तपासलेली दुसरी गाडी कोणाची?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "नंबर सांगा."