खिडकीखालचे काळे संगणक

"दम धर ना भो, उठी ऱ्हायना तो."

संगणकाचं बटण दाबलं की सर हे म्हणायचे आणि हाताची घडी घालून पडद्याकडे बघत उभे राहायचे. समोर मुलगी असो, शिपाई असो की संस्थेचे अध्यक्ष, सगळ्यांना तेवढंच उत्तर. झोपेतून उठणाऱ्यावर ओरडू नये, मग ते यंत्र का असेना, असं त्यांचं सरळ मत होतं.

नंदुरबारला आमच्या शाळेत मी ग्रंथपाल. माझ्या खोलीला लागून त्यांची संगणकाची खोली. सर कंत्राटी, खांडबाऱ्याहून रोज गाडीने यायचे. अशी माणसं तुमच्याही शाळेत, कचेरीत असतील. हजेरीपटावर सगळ्यात खाली नाव, पण प्रिंटर अडला की पहिली हाक त्यांनाच. चहाला बोलावलं तर "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचे आणि यायचेच नाहीत. मला त्याचा रागच यायचा. एवढं काय अंग चोरायचं माणसाने!

मुलींपुढे मात्र हा माणूस खुलायचा. वसतिगृहातल्या मुली धडगाव, अक्कलकुव्याकडच्या, घरी पावरी आणि भिली बोलणाऱ्या. त्यांना टायपिंगच्या परीक्षेला बसवायचं सरांनी मनावर घेतलं होतं. "बोलानं चुकनं तरी चाली, बोट चुकाले नको," म्हणायचे. मुली डबा खाताखाताही बाकावर बोटं चालवायच्या.

मग संस्थेला बालवाडीसाठी खोली हवी झाली. सरांनी अध्यक्षांकडे खेटे घातले, तेव्हा कसाबसा तोडगा निघाला. निम्मे संगणक भंगारात काढा, उरलेल्यांवर परीक्षेचा नवा सराव कार्यक्रम चालवून दाखवा. चालला तर खोली राहील, सरही राहतील. नाही चालला तर दोन्ही गेलं.

संगणक दोन जातीचे होते. आतल्या भिंतीशी पांढरे. त्यांचा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, जुन्या पद्धतीचा, एकट्याने काम करणारा, पण आकड्याने वेगवान. खिडकीखाली काळे. त्यांचा प्रोसेसर नंतरचा, ड्युअल कोअर, दोन डोक्यांचा, पण आकड्याने जरा मंद. दोन्ही आता म्हातारेच, पण काळा सरस, असं कुठलंही माहितीपत्रक सांगत होतं.

"मग काळेच ठेवा की," मी म्हणालो.

"कागदवर सगळाच पहिलवान ऱ्हातस, भाऊ. पळाई पाहूत."

आणि त्यांनी खरंच शर्यत लावली. सगळ्या शाळेच्या गुणांचा भलामोठा तक्ता दोन्ही संगणकांवर एकदम चालवायचा, आणि कोण आधी बेरजा संपवतो ते बघायचं. काळा झोकात सुटायचा, थोड्या वेळाने मात्र रखडायचा, आणि पांढरा संथपणे त्याच्या पुढे निघून जायचा. सरांना ते पटेना. दुसरा काळा घेतला, तिसरा घेतला, वेगळं काम दिलं. पुन्हा तेच. शेवटी हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून त्यांनी पांढरे ठेवले आणि काळे भंगारात गेले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शाळेमागे मिरची वाळत घालायची पथारी आहे. थंडीपासून पुढे कित्येक दिवस सगळं मैदान लाल असतं. नवा पाहुणा फाटकातच शिंकतो. आम्ही शिंकत नाही. इतक्या वर्षांत आमच्या नाकांना ती हवा कळेनाशीच झाली आहे. सर रोज सकाळी संगणक बाहेरून फडक्याने पुसायचे, पांढरे अधूनमधून उघडून आतूनही झाडायचे, पण काळ्यांवर देणगीदाराने चिकटवलेलं सील होतं, ते त्यांनी कधी फोडलं नाही. "दुसरानं दान शे," म्हणायचे.

पुढे एका पांढऱ्याचा पंखा बंद पडला. तसा पंखा भंगारात मिळतो का ते पाहायला सर निघाले, मीही सोबत गेलो. भंगारवाल्या चाचांनी काळे खोके उघडून एका कोपऱ्यात रचले होते. सर वाकले आणि तसेच राहिले. पंख्याच्या पात्यांवर, त्याखालच्या जाळीत, सगळीकडे लाल भुकटीचा जाड थर. बोट लावलं तर गादीसारखा दबत होता. कित्येक वर्षांनी मला शिंक आली.

"हाई तं मिरची शे," सर म्हणाले. मग मला समजावू लागले. हवा कोंडली की प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून आपणच आपली चाल कमी करतो. "थकेल नव्हता तो, भाऊ. त्याना श्वास कोंडाई जायेल व्हता."

त्यांनी चाचांना विचारलं, आतल्या चिपा कुठं आहेत.

"वो तो कब के सूरत चले गये, सर. अब खाली डब्बे हैं."

 परत येताना मी म्हणालो, पांढरेही चालतील हो. त्यांनी मान हलवली, पण दोघांनाही ठाऊक होतं. काळे गेल्यावर हाती आलेल्या त्या नव्या कार्यक्रमात टायपिंग चालू असताना परीक्षार्थीवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्रही सुरू ठेवावं लागे, आणि एका डोक्याच्या त्या म्हाताऱ्यांना एका वेळी दोन कामं झेपणारी नव्हती.

तसंच झालं. संस्थेची माणसं आली, मुली बसल्या, आणि एकेक पडदा जागच्या जागी गोठला. मुलींची बोटं चालत होती, अक्षरं उमटत नव्हती. त्या दिवशी सर कुणालाही दम धर म्हणाले नाहीत. अध्यक्षांपुढे उभे राहून एवढंच म्हणाले, "यंत्रांचा दोष नाही साहेब. चांगले होते ते मी विकले." गप्प राहिले असते तर दोष जुन्या यंत्रांवर गेला असता. मला अजूनही वाटतं, गप्प राहायला हवं होतं त्यांनी.

खोली गेली. मुलींची परीक्षाही बारगळली, आणि त्यातल्या काही दिवाळीनंतर वसतिगृहात परतल्याच नाहीत. सर आता गुजरातेत कुठल्याशा गोदामात राखणीला असतात, असं ऐकतो.

तिकडे जाण्याआधी ते अनुभवाचा दाखला न्यायला एकदा आले होते. दाखला घेतला आणि पाय आपोआप जुन्या खोलीकडे वळले. संगणकाच्या खोलीत चप्पल न्यायची नाही, हा त्यांचा नियम. दाराबाहेर चपला काढून ते उंबऱ्यापाशी गेले. आत पोरं टाळ्या वाजवत होती.

"कोण हवंय?" बालवाडीच्या नव्या बाईंनी विचारलं.

"कोणी नाही, ताई."

ते मागे फिरले आणि खाली बघत उभे राहिले. तिथल्या चिमुकल्या चपलांत मोठी अशी त्यांचीच एक जोडी होती, पण ती त्यांना बराच वेळ दिसेना.