पिशवीतली कात्री

"कात्री," सुगंधा म्हणाली. कात्रीचं कार्ड अजून माझ्या पिशवीतच होतं.

शेणवे गावाच्या पुढची एक छोटी शाळा, दोन हजार सालच्या आगेमागे. मी विशेष शिक्षिका. शिकताना अडखळणाऱ्या मुलांची असेसमेंट करायची, म्हणजे काय जमतं, काय अडतं ते तपासायचं. मग प्रत्येकासाठी शिकवण्याची वेगळी योजना लिहायची. सुगंधा तिसरीत, पण वाचन शून्य. तिच्या आईनं सकाळीच बजावलं होतं, "म्याडम, पोरीत खोट असंल तर सांगा. खोट नाय नि वाचत पण नाय, तर आळशी हाय. मग घरी बसून बारक्याला सांभाळंल."

आणि ही पोरगी कार्डांवरची चित्रं ओळखण्यात पैकीच्या पैकी मिळवत होती!

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी कौलं मोजत होते.

"गुरुजी, हिला उत्तरं कुणी दिली?"

"शेजारच्या शाळेत तुमी हीच चित्रं दाखवली ना? तिथल्या सरांकडून यादी आणली. चार दिवस म्हणून घेतली. आपलं एक पोर नापास होणार नाय!"

"अहो, ही परीक्षा नाही!"

"मग मार्क कशाला लिहिता?"

मी कपाळाला हात लावला. साहेब येणार म्हटलं की फळ्यावर सुविचार लिहिणारे गुरुजी. माझी पिशवीही त्यांना साहेबाचीच वाटली.

मग मलाही खोडी सुचली. पत्त्यांसारखी कार्डं पिसली आणि गाय दाखवली.

"छत्री."

कार्डाची कोरी पाठ दाखवली.

"शिट्टी."

मागची पोरं खिदळली. सुगंधाचा चेहरा माझ्या आवाजाकडे होता. कार्ड मी भलतीकडेच धरलं होतं.

माझं हसू थांबलं. कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते नाकाला टेकवलं.

"गाय हाय. शिंगं दिसतात."

"गुरुजी, चार दिवसांत एकदा तरी चित्र दाखवलंत?"

"चित्रं कुठली आमच्याकडं? तोंडीच घेतलं."

मी कागदावर लिहिलं: नजर फारच कमी, स्मरणशक्ती उत्तम. तीस नावं क्रमानं, नुसती ऐकून!

आईला सांगितलं, "आळशी नाही. दिसत नाही तिला."

ती म्हणाली, "मारलं मी तिला, वाचत नाय म्हणून."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी जाड चष्मा दिला. योजनेत मोठ्या अक्षरांची पुस्तकं आली, पहिला बाक आला, धडा आधी वाचून दाखवायचं आलं. सुगंधा शाळेतच राहिली.

तेव्हापासून मी कार्डं आधी क्रमानं विचारते, मग पिसते. पाठ करून घेणारे गुरुजी अजून भेटतात. मुलाची स्मरणशक्ती त्यात आयतीच तपासून होते.