निवृत्ती सुताराची भरमौरची रजा

निवृत्ती सुतारासारखा हेकट माणूस मी दुसरा बघितला नाही. कतारला, दोह्यात अल नस्र भागातल्या एका खोलीत आम्ही आठ जण. मी मच्छिंद्र, डंपर चालवायचो. तो शटरिंगचा सुतार. फळ्या ठोकायच्या, आत काँक्रीट ओतून घट्ट झालं की उखडून फेकायच्या. "सात वर्षं झाली, माझ्या हातचं एक लाकूड इथं उभं नाही," म्हणायचा. त्यात साइटवरचा हिमाचलातल्या चंब्याचा गवंडी कमाल त्याला सांगून बसला, की आमच्या भरमौरला तेराशे वर्षांचं लाकडी देऊळ आहे, नक्षी अजून शाबूत. झालं! याच्या डोक्यात भुंगा शिरला.

त्र्याऐंशी साली त्याची रजा आली. दोन वर्षांनी एकदा मिळणारी. रजा म्हणजे गाव, घराचं छप्पर, भाचीचं लग्न आणि सगळ्या खोलीची पार्सलं, हीच रीत. हा म्हणतो, "पार्सलं नेणार नाही. मुक्ताला घेऊन भरमौरला जाणार."

मी भडकलोच. "अरे, म्हातारी वाटेकडं डोळे लावून बसलीय आणि तू बायकोला घेऊन हिमालयात? गावाला कुठलं तोंड दाखवशील?"

"हेच."

मग फोरमन आडवा आला. काम घाईचं आहे, रजा पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. गेलास तर परत बोलावणार नाही. "नका बोलावू. खलास," निवृत्ती म्हणाला, आणि तीन दिवस कंपनीनं ठेवून घेतलेल्या पासपोर्टसाठी ऑफिसच्या दारात बसून राहिला. चौथ्या दिवशी साहेबानं वैतागून दिला.

पुढं सुतार मिळेनात म्हणून कंपनीनंच त्याला परत बोलावलं. आला तो वेगळ्याच तोऱ्यात. "मच्छिंद्रा, चौकटीवरची नक्षी बघून मी रडलो रे. आणि देवीच्या पितळी मूर्तीखाली राजाच्या नावासोबत घडवणाऱ्याचंही नाव आहे. गुग्गा! पुजाऱ्यानं सांगितलं. तर मुक्ता म्हणाली, तुमचं कुठं आहे हो?"

दुसऱ्याच आठवड्यात अल रय्यानच्या साइटवर यानं फळीच्या आतल्या बाजूला पटाशीनं उलटी अक्षरं कोरली. फळ्या उखडल्या, तेव्हा मी तिथंच रेती टाकत होतो. भिंतीवर वीतभर उंच, सुलटं: निवृत्ती सुतार. फोरमन थयथयाट करायला लागला.

"छिन्नी घे, काढ ते!"

निवृत्तीनं छिन्नी त्याच्याच हातात दिली. "तुम्ही काढा."

फोरमननं चार घाव घातले. एक काना तेवढा उडाला. घामाघूम होऊन तो ओरडला, "प्लास्टर मारा याच्यावर!"

"मारा की," निवृत्ती म्हणाला. "आत मी आहेच."