सात वाजताचा नमस्कार

बातम्या देशासाठी वाचल्या जातात, हा एक गैरसमज आहे. त्या फक्त एका माणसासाठी वाचल्या जातात आणि तो माणूस म्हणजे पोंभुर्ण्यात राहणारे माझ्या बायकोचे मामा. बाकी आपण सगळे लग्नाच्या पंगतीत ओळखीपाळखीवर बसावं तसे उगाच बसलेलो असतो. सगळं घर त्यांना मामाजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. बल्लारपूरच्या एका केबलवाल्याच्या चॅनलवर रोज संध्याकाळी सात वाजता अर्धा तास स्थानिक बातम्या लागत. त्या वाचणारी मुलगी पडद्यावर आली आणि हात जोडून "नमस्कार" म्हणाली, की मामाजी खाटेवरून उठून उभे राहत, बंडी खाली ओढत आणि तिला परत नमस्कार करत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा हे पाहून मला हसू आलं. मामाजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "जवाईबुवा, घरात आलेल्या माणसानं हात जोडले तं तुमच्या नागपुरात बसून राह्यतात काय?" म्हणाले. मी उठलो. तेव्हापासून उठतोच.

बातम्या मामाजी नुसत्या ऐकत नसत, त्यांच्याशी बोलत. हवामान सांगितलं की आधी खिडकीतून डोकं बाहेर काढून खात्री करून घेत आणि आभाळ वेगळं दिसलं तर पडद्याकडे वळून "असं नाई बाई, इथी तं ढग हाय" म्हणत. निधनवार्तेत एखाद्या ओळखीच्या म्हाताऱ्याचं वय कमी सांगितलं, तर त्याच्या वतीने तेच चिडत. वाघाची बातमी मात्र ते दूरच्या नातेवाइकाची खुशाली ऐकावी तशी ऐकत. कालचा वाघ नदीपलीकडच्या शिवारात होता, आज अलीकडे आला, म्हणजे उद्या मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांनी कुठल्या बाजूला जाऊ नये, हे बातम्या संपायच्या आत शेजारच्या चार घरांत ओरडून सांगितलेलं असे. "तुमची मोठी चॅनलं साऱ्या जगाचं सांगून राह्यली," ते मला म्हणत, "पण आपला वाघ कुठी हाय, ते एकालेही माहीत नाई."

मामीजींचा स्वयंपाकही त्या बातमीपत्रावरच चाले. मथळ्यांना भात चुलीवर, खताच्या जाहिरातीला वरणाची फोडणी, हवामानाला भाकरी आणि समाप्तीच्या नमस्काराला ताटं. त्या घरात घड्याळ होतं, पण ते शोभेला. एकदा बातम्या वाचणाऱ्या मुलीचा घसा बसला होता. मामाजींना रात्रभर चैन पडली नाही. सकाळी त्यांनी अद्रक-गुळाचा काढा थर्मासमध्ये भरला आणि बल्लारपूरच्या बसच्या कंडक्टरच्या हाती दिला. संध्याकाळी तिचा आवाज मोकळा झाला तेव्हा मामाजींनी असा सुस्कारा सोडला, की डॉक्टरांनीही सोडला नसता. थर्मास परत आला, सोबत तिचा फोन आला आणि त्या दिवसापासून तीही त्यांना मामाजीच म्हणू लागली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना केबलवाल्याला दुर्बुद्धी सुचली. लोक आता मोबाइलवर बघतात, असं त्याचं म्हणणं. आधी बातम्या साडेसहाला गेल्या. त्या आठवड्यात मामाजींकडे कच्चा भात आणि जळकी फोडणी असा बेत रोज होता. मग अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. "दहा मिनिटात भात शिजते काय?" मामाजींनी विचारलं. शेवटी बातम्या दुपारी अडीचला नेल्या आणि सातच्या जागी भाग्यरत्नांच्या अंगठ्या विकणारा एक गुळगुळीत माणूस आणून बसवला. अडीचला मामाजी झोपतात. त्या वेळी सांगतात ते कालचं, म्हणजे शिळ्या कढीला ऊत, हे त्यांचं जाहीर मत. गावाने बरीच ओरड केल्यावर केबलवाल्याने पडद्यावर पट्टी फिरवली. सातच्या बातम्या परत हव्या असतील तर रविवारी संध्याकाळी अमुक नंबरवर मिस कॉल द्या, मिस कॉल पुरेसे आले तर पूर्वीची वेळ, नाहीतर बातम्याच बंद.

आता मिस कॉल ही आमच्याकडे पूर्ण वाढ झालेली भाषा आहे. गाडीतून उतरलो, पोचलो, गेट उघडा, चहा टाका, हे सगळं आमची माणसं एक रिंग देऊन सांगतात. मामाजींना मात्र त्याचा पराकोटीचा तिटकारा. "मिस कॉल त्यानं द्यावा, ज्याच्यापाशी बोलाले काही नाई," असा त्यांचा बाणा. त्यांनी रविवारी सकाळपासून घरोघर फिरून बजावलं, की बरोबर सात वाजता फोन लावायचा, एकही घर सुटता कामा नये. सातला एक मिनिट कमी असताना त्यांनी स्वतः नंबर फिरवला. तिकडे स्वतःचाच फोन टेबलावर ठेवून ती बातम्यावाली मुलगीच बसली होती. न उचलता नुसते आकडे मोजायचे, एवढंच तिचं काम. पण फोनच्या पडद्यावर मामाजींचं नाव दिसलं आणि सवयीने तिने फोन उचलला. मग मामाजींनी मत मांडलं. वाघापासून सुरुवात केली, मोहफुलांवर आले, भाताच्या शितापर्यंत गेले. ती "हो मामाजी" म्हणत राहिली, कारण त्यांना मध्येच तोडणं तिच्या जिवावर आलं. सात वाजता अख्ख्या पोंभुर्ण्याने फोन लावला आणि अख्ख्या पोंभुर्ण्याला लाइन बिझी लागली. साडेसातला मामाजींनी फोन ठेवला, तोवर गावाची मालिका सुरू झाली होती आणि आपण कर्तव्य केलं या समाधानात लोक ती बघत बसले होते.

"मत नोंदवलं," मामाजी मला फोनवर म्हणाले. "असं नोंदवलं, की पोरगी ऐकतच राह्यली."

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. मिस कॉल बोटांवर मोजण्याइतके. मामाजींचा त्यात धरलाच नव्हता, कारण तो मिस झालाच नव्हता. मुलीने त्यांना फोन करून हे सांगितलं तेव्हा ती रडत होती, तिचं कामही गेलं होतं. मामाजी म्हणाले, "तू उचलला नसता ना, तं मले लय वाईट वाटलं असतं."

त्यानंतर ते सात वाजता अंगठ्यावाल्यासमोर बसत. तो हात जोडे, मामाजी स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवत. मामीजी सांगतात, तो महिना फार वाईट गेला. आणि मग एका संध्याकाळी सातच्या ठोक्याला नागपुरात माझा फोन वाजला. "नमस्कार," पलीकडून मामाजींचा भारदस्त आवाज, "आजच्या ठळक बातम्या." वाघ, बस, हवामान, कोण गेलं, कोणाकडे पाळणा हलला. मध्येच "आता एक छोटीशी विश्रांती" म्हणून ते थांबले आणि मागे वरणाची फोडणी चरचरली. मी बैठकीत उभाच होतो. बायको हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून आमच्या घरी सातला दुसरं काही लागत नाही.

यंदा मात्र मामाजींना दम लागतो. आधी हवामान गेलं, मग बसगाड्या गेल्या, अर्ध्या तासाची दहा मिनिटं इथेही झाली. गेल्या आठवड्यात सातला फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. मामाजींचा मिस कॉल. आयुष्यात त्यांनी दिलेला पहिला. मी लगेच उलट फोन लावला.

"काही नाई, जवाईबुवा," आवाज खोल गेलेला होता. "आज दम पुरून नाई राह्यला. म्हटलं, आज तुम्हीच वाचा."

मला नागपूरची एकही धड बातमी आठवेना. तरी घसा साफ केला आणि म्हणालो, "नमस्कार."

पलीकडे खाट करकरली, आणि मामीजींचा आवाज आला, "काऊन उठून राह्यले जी, बसूनच करा ना."